गुणी पण सतत जखमी होणारा खेळाडू फँटसी बास्केटबॉलमध्ये घ्यावा का? सोलापूरकरांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे पान एनबीएची, म्हणजे अमेरिकेतल्या व्यावसायिक बास्केटबॉलची, मोफत फँटसी लीग खेळणाऱ्या सोलापुरातल्या मंडळींसाठी आहे. फँटसी म्हणजे खऱ्या खेळाडूंचा आपला संघ ॲपवर बांधायचा आणि सामन्यांतल्या त्यांच्या कामगिरीवर गुण मिळवायचे. दहा-बारा जणांचा ग्रुप, ऑक्टोबरात ड्राफ्ट (फेरी-फेरीने, आळीपाळीने खेळाडू निवडणं) आणि पहाटे सुरू होणारे सामने, असं बहुतेकांचं गणित असतं. दरवर्षी ड्राफ्टच्या आठवड्यात वाद मात्र एकच रंगतो: सतत जखमी होणारा एम्बिड घ्यायचा की नाही, तसाच झायन घ्यायचा की नाही. त्या वादात उपयोगी पडेल अशी माहिती इथे आहे. खेळाडूंचे आकडे २०२४-२५ च्या हंगामापर्यंतचे आहेत.

खेळाडू यंदा किती सामने खेळेल, याचा अंदाज कसा बांधायचा?

गेल्या तीन हंगामांतले सामने घ्या. सर्वांत अलीकडच्या हंगामाला ३ ने गुणा, त्याच्या आधीच्याला २ ने, त्याच्याही आधीच्याला १ ने. बेरजेला ६ ने भागा. अँथनी डेव्हिसचं उदाहरण घेऊ. २०२२-२३ मध्ये तो ५६ सामने खेळला, २०२३-२४ मध्ये ७६ आणि २०२४-२५ मध्ये ५१. म्हणजे १५३ अधिक १५२ अधिक ५६, बेरीज ३६१, भागिले ६, उत्तर ६०. क्वाय लेनर्ड (५२, ६८, ३७) जवळपास ५० वर येतो. जोएल एम्बिड (६६, ३९, १९) ३३-३४ वर.

ही सुरुवात आहे, निकाल नाही. हंगाम ८२ सामन्यांचा असतो आणि ठणठणीत खेळाडूही सहसा त्यातले सहा-आठ सामने बुडवतो. त्यामुळे अंदाज ७५ च्या वर गेला तर तो ७५ ला थांबवा. शस्त्रक्रिया होऊन पुनर्वसन चालू असेल तर मात्र हे सूत्र बाजूला ठेवा आणि परतण्याच्या अपेक्षित तारखेपासून पुढचे सामने मोजा.

दोन खेळाडूंचा अंदाज सारखाच आला तर दोघांचा धोकाही सारखाच समजायचा का?

अजिबात नाही, आणि सर्वांत जास्त लोक इथेच फसतात. झायन विल्यमसनचे तीन हंगाम बघा: २९, ७०, ३०. उत्तर ४३. चेट होमग्रेनचे बघा: ०, ८२, ३२. उत्तर पुन्हा ४३. वहीत दोघं एकाच ओळीत बसतात.

आता प्रत्येक दुखापत उघडून पाहा. होमग्रेनचा २०२२-२३ चा अख्खा हंगाम गेला तो ऑगस्टमधल्या एका प्रदर्शनी सामन्यात पावलाच्या मधल्या सांध्याला, म्हणजे लिसफ्रँकला, इजा झाल्यामुळे. पुढच्याच हंगामात तो ८२ पैकी ८२ सामने खेळला. नोव्हेंबर २०२४ मध्ये बास्केटजवळ चेंडू अडवताना तो कमरेवर आपटला आणि ओटीपोटाचं हाड मोडलं. एक दुखापत पावलाची, दुसरी पडल्यामुळे झालेली. दोन्हींचा एकमेकींशी संबंध नाही.

झायनची गोष्ट वेगळी आहे. २०२२-२३ मध्ये उजव्या पायाच्या हॅमस्ट्रिंगने, म्हणजे मांडीच्या मागच्या स्नायूने, त्याचा हंगाम संपवला. एप्रिल २०२४ च्या प्ले-इन (बाद फेरीच्या पात्रतेच्या) सामन्यात त्याने ४० गुण केले आणि त्याच रात्री डावं हॅमस्ट्रिंग ताणलं. नोव्हेंबर २०२४ मध्ये पुन्हा तेच डावं. प्रचंड वजन, प्रचंड वेग आणि तेवढाच कचकन ब्रेक, हा त्याचा खेळ आहे आणि तो सगळा भार ह्याच स्नायूवर येतो. खेळ बदलल्याशिवाय हा धोका कमी होत नाही.

म्हणून प्रत्येक खेळाडूच्या नावापुढे तीन गोष्टी लिहा: कोणता अवयव, कोणती बाजू, आणि दुखापत धडकेने झाली की धावता-धावता आपोआप. एकच अवयव दोन वर्षांत दोनदा आला आणि तोही धडक न बसता, तर अंदाजातून आणखी ८ ते १० सामने वजा करा. अपघात वेगवेगळे असतील तर अंदाजात ८-१० सामने वाढवायला हरकत नाही. होमग्रेन आमच्या हिशेबात ५३ वर जातो, झायन ३४ वर येतो.

बुडालेल्या सामन्यांनी नेमकं नुकसान किती होतं?

पॉइंट्स लीगचं, म्हणजे प्रत्येक कामगिरीचे ठरावीक गुण एकत्र मोजणाऱ्या लीगचं, साधं उदाहरण घ्या. 'अ' हा सामन्यामागे ५० फँटसी गुण देतो पण ५५ च सामने खेळतो. 'ब' ४२ गुण देतो आणि ७६ सामने खेळतो. कुणीच न घेतलेल्या खेळाडूंच्या मोकळ्या यादीतून कुणालाही उचललं तरी २५ गुण मिळतात असं धरा.

फक्त त्यांचे स्वतःचे गुण मोजले तर 'अ' चे २७५० आणि 'ब' चे ३१९२. 'ब' सरळ पुढे. पण 'अ' चे २७ सामने बुडतात तेव्हा तुम्ही त्या जागी दुसरा खेळवता. २७ गुणिले २५ म्हणजे ६७५, एकूण ३४२५. 'ब' च्या सहा सामन्यांचे १५० धरून त्याची बेरीज ३३४२. आता 'अ' पुढे गेला.

आता तिसरी पायरी, जी कुणी करत नाही. 'अ' च्या त्या २७ पैकी ९ सामन्यांत तो बसणार हे तुम्हाला वेळेत कळलंच नाही. तुम्ही झोपेत होतात, तो संघात तसाच राहिला आणि शून्य आला. मग भरपाई होते फक्त १८ सामन्यांची, म्हणजे ४५०. एकूण ३२००. 'अ' पुन्हा मागे पडला.

आपल्याला सोलापुरात हे समजायला जड जाऊ नये. नळाला चार दिवसांनी पाणी येणार हे माहीत असलं की माणूस पिंपं, हंडे भरून ठेवतो आणि घर चालतं. पंचाईत होते ती न सांगता पाणी आलं नाही की. दुखापतीचंही तसंच आहे. सहा आठवड्यांची जाहीर झालेली दुखापत परवडते. रोज सकाळी 'बघू, खेळेल कदाचित' अशी लटकलेली पाठदुखी परवडत नाही. खेळाडूचं मोल करताना किती सामने बुडतील यापेक्षा ते कसे बुडतील, हे आधी विचारा.

आयएलची जागा किती कामाची?

खूप. आयएल म्हणजे जखमी खेळाडूसाठी ठेवलेली वेगळी जागा. तिथे ठेवलेला खेळाडू संघाच्या मोजणीत धरत नाहीत, म्हणून त्याच्या बदली दुसरा घेता येतो. ड्राफ्टच्या आधी लीगच्या सेटिंगमध्ये जाऊन अशा किती जागा आहेत ते मोजा. एकही नसेल तर वर दिलेलं गणित कोसळतं आणि दुखापतीचा खेळाडू तीन-चार फेऱ्या उशिराच घ्यायला हवा. दोन किंवा तीन असतील तर धीट व्हा.

दोन अडचणी लक्षात ठेवा. 'आऊट' किंवा 'जखमी' अशी खूण असलेलाच खेळाडू साध्या आयएलमध्ये जातो. 'डे-टू-डे' (रोजच्या रोज बघून ठरणार) वाला सहसा जात नाही, तो तुमचा बाक अडवून बसतो. दुसरं म्हणजे आयएलमधला खेळाडू बरा झाल्याची खूण आली की बऱ्याच ॲपमध्ये तो बाहेर काढेपर्यंत नवा खेळाडू घेता येत नाही. रविवारी रात्री तातडीने कुणाला घ्यायला जाता आणि ॲप नकार देतं, त्याचं कारण बहुतेक वेळा हेच असतं.

सोलापुरात बसून दुखापतीची बातमी वेळेत कशी मिळवायची?

घड्याळ समजून घेतलं की अर्धं काम होतं. नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारपासून मार्चच्या दुसऱ्या रविवारपर्यंत आपण न्यूयॉर्कच्या साडेदहा तास पुढे असतो. बाकीच्या काळात साडेनऊ तास. म्हणजे तिकडचा संध्याकाळी ७ चा सामना हिवाळ्यात आपल्याकडे पहाटे ५.३० ला, आणि ऑक्टोबरात व मार्च-एप्रिलमध्ये ४.३० ला. मार्चमधला हा एक तासाचा बदल नेमका फँटसी प्लेऑफच्या, म्हणजे आपल्या लीगच्या बाद फेरीच्या, तोंडावर येतो आणि गजर जुन्याच वेळेवर राहतो. आजच कॅलेंडरवर खूण करून ठेवा.

एनबीएच्या नियमाप्रमाणे प्रत्येक संघाला सामन्याच्या आदल्या दिवशी स्थानिक वेळेनुसार संध्याकाळी ५ पर्यंत जखमींची यादी द्यावी लागते. पूर्व किनाऱ्यावरच्या संघांची ती यादी हिवाळ्यात आपल्याकडे पहाटे ३.३० ला येते. म्हणजे सकाळी चहाबरोबर तुम्ही जी यादी वाचता ती दुसऱ्या दिवशी पहाटेच्या सामन्याची असते. हातात पूर्ण दिवस असतो. कच्चा निर्णय तेव्हाच घ्या.

दुसरी नजर रात्री झोपण्यापूर्वी टाका. तिकडे तेव्हा सकाळ असते, हलका सराव संपत आलेला असतो आणि प्रशिक्षक पत्रकारांशी बोललेले असतात. सलग दोन दिवस सामने असतील, तर दुसऱ्या सामन्याची यादी त्याच दिवशी स्थानिक वेळेने दुपारी १ पर्यंत देता येते. पूर्वेकडच्या संघांसाठी ते आपले रात्रीचे ११.३०. म्हणून सलग सामन्यांच्या दिवशी दहाला न झोपता पावणेबाराला एकदा बघून झोपा. हा एक बदल केला तरी हंगामात बरेच शून्य वाचतात.

तिसरी नजर सामन्याच्या अर्ध्या तासाआधी, सुरुवातीचे पाच खेळाडू जाहीर होतात तेव्हा. रोज पहाटे ५ ला उठणं नोकरी-धंदा सांभाळून जमत नाही, आणि तशी अपेक्षाही ठेवू नका. त्याऐवजी रात्री नियम लावा. 'प्रोबेबल' (बहुधा खेळेल) असेल तर खेळवा. 'डाऊटफुल' (बहुधा खेळणार नाही) असेल तर बसवा. 'क्वेश्चनेबल' असेल आणि बाकावर नक्की खेळणारा माणूस असेल, तर त्याच्या आणि ह्याच्या गुणांतला फरक बघा. क्वेश्चनेबल म्हणजे कागदावर ५० टक्के. ५० गुणांचा खेळाडू निम्म्या शक्यतेने २५ चाच होतो. बाकावरचा ३० देणारा असेल तर त्यालाच खेळवा.

पश्चिम किनाऱ्याच्या संघांतले खेळाडू आपल्याला सोयीचे, हे खरं का?

हो. लॉस एंजेलिसमध्ये संध्याकाळी ७.३० ला सुरू होणारा सामना हिवाळ्यात आपल्याकडे सकाळी ९ ला असतो. क्लिपर्सच्या घरच्या सामन्यात लेनर्ड खेळणार की नाही, हे तुम्ही आंघोळ-नाश्ता करून, दुकान उघडता-उघडता बघू शकता. फिलाडेल्फियातल्या एम्बिडचा घरचा सामना पहाटे ५.३० ला सुरू होतो आणि त्याची जागा कुलूपबंद होते, मग बदल करता येत नाही. दोघांचा धोका कागदावर सारखा धरला तरी सोलापूरच्या माणसाला लेनर्ड स्वस्त पडतो. अमेरिकेतल्या तज्ज्ञांच्या क्रमवारीत हा फरक दिसत नाही, कारण तो त्यांना भोगावा लागत नाही. आमच्या मते दोन सारख्या खेळाडूंत निवड करायची असेल तर एवढ्या एका कारणावर करावी.

कोणती दुखापत किती गंभीर? बातमी वाचून ठरवायचं कसं?

घोटा मुरगळणं सर्वांत नेहमीचं. उडी मारून दुसऱ्याच्या पायावर पाय पडला की घोट्याच्या बाहेरच्या बाजूचे लिगामेंट ताणले जातात. सौम्य असेल तर एक-दोन आठवडे, मध्यम असेल तर तीन ते सहा. एकदा मुरगळलेला घोटा सैल राहिला की पुन्हा मुरगळतो, पण नीट ताकद आणली तर हे थांबवता येतं.

हॅमस्ट्रिंगचा धोका असा की दुखणं आधी जातं आणि ताकद नंतर येते. खेळाडूला बरं वाटतं, तो परततो, पहिल्या जोरदार धावेत पुन्हा ताणतं. 'दोन ते तीन आठवडे' असं आलं तर चार धरा, आणि परतल्यावरचे पहिले दोन आठवडे बाकावर पर्याय ठेवाच.

पोटरीबद्दल जरा सविस्तर. २०१९ च्या मे महिन्यात केव्हिन ड्युरंटची पोटरी ताणली. १० जूनला तो अंतिम फेरीच्या पाचव्या सामन्यात परतला आणि त्याची अकिलीस, म्हणजे टाचेवरची जाड शीर, तुटली. पुढचा पूर्ण हंगाम गेला. २०२५ मध्ये टायरीस हॅलिबर्टन पोटरी दुखत असताना अंतिम फेरी खेळला आणि २२ जूनला सातव्या सामन्यात त्याचीही अकिलीस तुटली. पोटरीचा स्नायू आणि ही शीर एकाच यंत्रणेचे भाग आहेत. त्यामुळे एखाद्या संघाने पोटरीसाठी खेळाडूला आठवडाभर जास्त बसवलं तर चिडू नका. तो उशीर तुमच्याच फायद्याचा आहे. उलट पोटरी दुखत असताना लगेच परतलेला खेळाडू दिसला तर काळजी करा.

अकिलीस तुटली की साधारण वर्ष गेलं. गुडघ्यातलं एसीएल हे लिगामेंट फाटलं तर ९ ते १२ महिने, आणि परतल्यावरचा पहिला हंगाम बहुधा दुय्यम दर्जाचा.

मेनिस्कस हा शब्द बातमीत आला की पुढची ओळ नीट वाचा. गुडघ्यातल्या ह्या गादीवर दोन तऱ्हेची शस्त्रक्रिया होते. फाटलेला तुकडा कापून काढला तर खेळाडू चार ते आठ आठवड्यांत येतो. शिवण घातली तर चार ते सहा महिने लागतात. ऐकायला पहिली बरी वाटते, पण गादी कमी झालेली असते. पुढची वर्षं सूज येणं, सलग सामन्यांतला एक सोडणं हे मागे लागतं. शिवलेला गुडघा उशिरा येतो पण जास्त टिकण्याची शक्यता असते. यंदाच्या लीगसाठी कापलेला बरा, पुढच्या वर्षीही खेळाडू ठेवता येणाऱ्या लीगसाठी शिवलेला.

पावलाच्या हाडांपासून सावध राहा. करंगळीकडचं लांब हाड आणि पावलाच्या कमानीतलं नॅव्हिक्युलर, दोन्हींच्या काही भागांत रक्तपुरवठा कमी, म्हणून मोडलं की लवकर जुळत नाही. एम्बिडचे कारकिर्दीतले पहिले दोन हंगाम नॅव्हिक्युलरमुळे गेले, झायनचा २०२१-२२ चा अख्खा हंगाम पावलाच्या हाडामुळे. साडेसात फुटी याओ मिंगची कारकीर्दही पायाच्या हाडांनीच २०११ मध्ये संपवली. सात फुटांच्या वरचा खेळाडू आणि पावलाचं हेअरलाइन फ्रॅक्चर अशी जोडी दिसली तर पहिल्या पाच फेऱ्यांत नाव काढू नका.

पाठ: सर्वांत वाईट. तारीख नसते, आयएलची खूण नसते, आज खेळतो उद्या बसतो.

चेंडू न फेकणाऱ्या हाताचं बोट मोडलं: चार-सहा आठवडे, मग विषय संपला. असा खेळाडू कुणी घाबरून सोडला तर लगेच उचला.

'दोन आठवड्यांनी पुन्हा तपासणी' म्हणजे दोन आठवड्यांनी येणार ना?

नाही. त्या दिवशी डॉक्टर फक्त बघणार. तपासणी चांगली झाली तरी आधी एकट्याने पळणं, मग सराव, मग धडकाधडकीचा पूर्ण सराव, आणि मग सामना. तपासणीच्या तारखेपुढे किमान एक आठवडा धरा. 'पूर्ण सरावात सहभागी' हे शब्द आले की खरी उलटी मोजणी सुरू होते.

'सोअरनेस', 'इंजुरी मॅनेजमेंट' हे शब्द आले तर दुखापत नवी नाही, जुनीच सांभाळली जातेय. सलग सामन्यांतला एक जाणार, हे गृहीत धरा.

परतल्यावर लगेच खेळवावं का?

फटके बास्केटमध्ये जाण्याची टक्केवारी मोजणाऱ्या लीगमध्ये पहिले दोन-तीन सामने बाकावर ठेवा. मिनिटांवर मर्यादा असते, २० ते २४ च्या आसपास, आणि दम लागलेल्या पायांनी मारलेले फटके आखूड पडतात. मिनिटं ३० च्या जवळ गेली की नेहमीसारखं वागा. गुण लवकर परततात. चेंडू हिसकावणं आणि अडवणं, म्हणजे स्टील आणि ब्लॉक, परतायला वेळ लागतो, कारण ते पहिल्या पावलाच्या चपळाईवर आहे.

असे किती खेळाडू एका संघात चालतील?

दोन. प्रत्येकाच्या बसण्याची शक्यता ३५ टक्के धरा. दोन असतील तर दोघंही एकाच दिवशी बाहेर असण्याची शक्यता साधारण १२ टक्के. तीन घेतले तर किमान दोघं बाहेर असण्याची शक्यता २८ टक्क्यांवर जाते. म्हणजे दर चार दिवसांत एकदा तुम्ही दोन मोठ्या खेळाडूंशिवाय उतरता. मागावर एक धागा तुटला तर सांधून कापड पुढे जातं, तीन एकदम तुटले तर माग थांबतो.

लीगच्या प्रकाराने निर्णय बदलतो का?

बदलतो. रोटो लीगमध्ये, म्हणजे हंगामभराच्या बेरजेवर प्रत्येक आकडेवारीत क्रम लावणाऱ्या लीगमध्ये, अनेकदा प्रत्येक जागेला हंगामात ८२ सामन्यांची मर्यादा असते. तिथे बुडालेला सामना वाया जात नाही, तो दुसऱ्याने भरता येतो, म्हणून कमी खेळणारा पण दर्जेदार माणूस अशा लीगमध्ये सर्वांत मौल्यवान. आठवड्याच्या लढतीची लीग असेल आणि संघ रोज बदलता येत असेल तर मध्यम. आठवड्यातून एकदाच संघ लावायचा असेल तर सोमवारची चूक रविवारपर्यंत भोगावी लागते. तिथे एम्बिड, लेनर्ड ही नावं पहिल्या तीन फेऱ्यांत नकोतच.

६५ सामन्यांच्या नियमाने काही फरक पडला का?

२०२३-२४ पासून एमव्हीपी (सर्वोत्तम खेळाडू), ऑल-एनबीए (वर्षाचा सर्वोत्तम संघ) अशा मोठ्या सन्मानांसाठी किमान ६५ सामने खेळणं बंधनकारक आहे. शिवाय संघांनी एकाच सामन्यात एकापेक्षा जास्त तारांकित खेळाडू विश्रांतीसाठी बसवू नयेत असंही धोरण आहे. मार्च २०२५ मध्ये लॉरी मार्कानेनला बसवल्याबद्दल युटा संघाला १ लाख डॉलरचा दंड झाला.

उपयोग असा की सन्मानाच्या शर्यतीतला निरोगी खेळाडू उगाच बसत नाही. पण १७ सामने आधीच बुडाले आणि अठरावा बुडाला की ती ओढ संपते. एखाद्याचे १८ सामने गेल्याचं दिसलं तर त्यापुढे तो आणखी आरामात घेणार हे समजा.

फँटसी प्लेऑफच्या आठवड्यांसाठी वेगळा विचार करावा का?

मार्चमध्ये उन्हाचा चटका सुरू होतो तेव्हाच फँटसीचे निर्णायक आठवडे येतात, आणि त्याच वेळी तळातले संघ दुखऱ्या खेळाडूंना हंगाम संपेपर्यंत बसवतात. डेमियन लिलार्डने २०२२-२३ मध्ये सरासरी ३२.२ गुण केले आणि तरी मार्चच्या अखेरीस पोर्टलंडने त्याला थांबवलं. ५८ सामन्यांवर तो अडकला. ज्यांनी त्याच्या जोरावर प्लेऑफ गाठली त्यांचा संघ नेमका तेव्हा रिकामा झाला.

फेब्रुवारीत गुणतक्ता बघा. दुखऱ्या खेळाडूचा संघ तळात असेल तर अदलाबदलीची मुदत संपण्याआधी त्याला द्या. पाचव्या ते आठव्या क्रमांकासाठी झगडणाऱ्या संघातला घ्या, त्याला शेवटच्या दिवसापर्यंत खेळावंच लागतं.

अदलाबदल कधी करावी?

तुमच्याकडे असा खेळाडू असेल तर तो सलग १०-१२ सामने खेळला की भाव सर्वांत चढा असतो. तेव्हा विचारणा करा. घ्यायचा असेल तर परतायला दोन-तीन आठवडे असताना घ्या, आणि तेही हरत असलेल्या मित्राकडून. पहिल्याला थांबायला वेळ असतो, आठव्याला नसतो. मात्र माहिती लपवून मित्राच्या गळ्यात जखमी खेळाडू मारू नका. बारा जणांची लीग विश्वासावर चालते आणि पुढच्या ऑक्टोबरात पुन्हा एकत्र बसायचं असतं.

त्याचा बदली खेळाडूही घ्यावा का?

सेंटरसाठी, म्हणजे बास्केटजवळ खेळणाऱ्या उंच खेळाडूसाठी, हो; बाकीच्यांसाठी क्वचित. सेंटर बसला की त्याची रिबाउंड (हुकलेले चेंडू पकडणं) बहुतांशी एकाच माणसाकडे जातात. २०२४-२५ मध्ये एम्बिडमागे आंद्रे ड्रमंड होता, तसा. गार्ड, म्हणजे बाहेरून चेंडू खेळवणारा, बसला तर त्याचे गुण तीन-चार जणांत वाटले जातात आणि कुणालाच पुरेसे मिळत नाहीत.

एकदा बसलेला शिक्का कधी पुसतो का?

पुसतो. स्टीफन करी २०११-१२ मध्ये घोट्यांमुळे फक्त २६ सामने खेळला होता. २०१२ च्या ऑक्टोबरात झालेला करार, चार वर्षांचे ४ कोटी ४० लाख डॉलर, त्या घोट्यांमुळेच कमी होता. पुढच्या हंगामात तो ७८ सामने खेळला, आणि २०१५ व २०१६ मध्ये एमव्हीपी झाला. मधे घोट्यावरचा भार कमरेच्या आणि मांडीच्या स्नायूंकडे नेणारा व्यायाम त्याने मन लावून केला होता.

म्हणून 'हा नेहमी जखमीच असतो' असं ऐकलं की विचारा: अवयव सुधारता येण्यासारखा आहे का, वय काय, आणि शरीराची तयारी बदलल्याची ठोस बातमी आहे का? घोटा, वय २४, नवा व्यायाम: घ्या. गुडघ्याची गादी, वय ३१, दोन शस्त्रक्रिया: थांबा.

पैसे लावून खेळता येईल का?

नाही. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने मंजूर केलेल्या कायद्याने पैशांच्या ऑनलाइन खेळांवर बंदी आली आहे. लीग मोफतच ठेवा.

ड्राफ्टनंतर फेरविचार कधी करायचा?

दोनदा. पहिल्यांदा दिवाळीनंतर, सुरुवातीचे दहा-बारा सामने झाले की. प्रत्येक दुखऱ्या खेळाडूसमोर लिहा: सलग सामन्यांतले दोन्ही खेळला का, शेवटच्या पाच सामन्यांत मिनिटं किती, जुना अवयव यादीत पुन्हा दिसला का. तिसऱ्याचं उत्तर हो असेल तर लगेच विक्रीला काढा.

दुसऱ्यांदा जानेवारीच्या मध्यावर, सिद्धरामेश्वरांच्या गड्ड्याच्या दिवसांत. तोपर्यंत प्रत्येक संघाचे चाळीसच्या आसपास सामने झालेले असतात. सुरुवातीला लिहिलेला अंदाज काढा, निम्मा करा, आणि प्रत्यक्ष खेळलेल्या सामन्यांशी ताडून बघा. पाचपेक्षा जास्त मागे असेल आणि आयएलमध्ये जागा नसेल, तर मुदतीची वाट न बघता त्याच आठवड्यात त्याच्यासाठी खात्रीचा खेळाडू मागा.